मृत्यूनंतर माणसाला मन का बदलता येत नाही? कॅथलिक शिकवणीतील आत्मा, इच्छास्वातंत्र्य आणि परलोक

अनुयोगी (धागाकर्ता)

कॅथलिक ख्रिस्तसभेच्या परलोकविषयक शिकवणीवर आक्षेप घेणारे बहुतेक जण नरकातल्या यातनांपासून सुरुवात करतात. मला त्याच्या आधीचा प्रश्न अधिक कठीण वाटतो. ही शिकवण माणसाच्या इच्छास्वातंत्र्याला इतके मोठे स्थान देते की, देवसुद्धा कोणाला त्याच्या इच्छेविरुद्ध तारत नाही, असे ती सांगते. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांनी म्हटले होते की, देवाने आपल्याला आपल्याविना निर्माण केले, पण आपल्याविना आपला उद्धार करणे त्याने पत्करले नाही. तीच शिकवण पुढे असेही म्हणते की, हा निर्णय मृत्यूच्या क्षणी कायमचा ठरतो आणि त्यानंतर पश्चात्तापाला वाव उरत नाही. जी इच्छा आयुष्यभर घडीघडीला बदलत राहिली, ती मृत्यूनंतरच्या अनंतकाळात एकदाही बदलू नये, हे कसे? बऱ्याच जणांना वाटते की देवाने एक मुदत ठरवून दिली आहे आणि ती उलटली की तो दार लावून घेतो. माझे म्हणणे असे आहे की, ही समजूत कॅथलिक परंपरेच्या मूळ विचाराशी जुळत नाही. मृत्यूनंतर इच्छा स्थिर होते याचे कारण त्या परंपरेने देवाच्या कठोरपणात शोधले नसून माणसाच्या घडणीत शोधले आहे.

त्यासाठी आत्म्याविषयीची कल्पना नीट पाहावी लागते. १३१२ साली फ्रान्समधल्या व्हिएन येथील धर्मपरिषदेने आत्मा हा शरीराचे ‘रूप’ आहे, असे ठरवले. अ‍ॅरिस्टॉटलच्या परिभाषेतले हे विधान आहे. शरीरात राहायला आलेला पाहुणा म्हणजे आत्मा, असे त्यात अभिप्रेत नाही. ज्याच्यामुळे हे शरीर जिवंत आणि मानवी आहे तो आत्मा, असे त्याचे म्हणणे आहे. दोनशे वर्षांनी, १५१३ साली, पाचव्या लॅटरन परिषदेने प्रत्येक माणसाचा आत्मा वेगळा आणि अमर असल्याचे जाहीर केले, कारण सर्व माणसांची मिळून एकच बुद्धी असते आणि व्यक्ती मात्र नाश पावते, असे मत त्या काळी इटलीतल्या विद्यापीठांत मांडले जात होते. या दोन निर्णयांमध्ये ताण आहे. आत्मा शरीरावाचून टिकतो हे खरे असले, तरी शरीरावाचून तो अपुरा असतो. तेराव्या शतकातले धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावर भाष्य करताना स्पष्टच लिहिले की, माझा आत्मा म्हणजे मी नव्हे. म्हणूनच श्रद्धाप्रकटनात नुसत्या आत्म्याच्या अमरत्वावर न थांबता शरीराच्या पुनरुत्थानावरही विश्वास व्यक्त केला जातो.

आता मन बदलते कसे, हे पाहू. रागाच्या भरात केलेला निश्चय रात्री झोप लागल्यावर सैल होतो. एखादा चेहरा पाहून आपण विरघळतो. आजारपणात गर्व उतरतो. डोळ्यांनी आणि कानांनी काही नवे कळते आणि जुना हट्ट सुटतो. अक्वायनस यांच्या मते आपल्या अंतिम ध्येयाची निवड बदलू शकते ती यामुळेच, म्हणजे आत्मा शरीराशी जोडलेला असल्यामुळे. देवदूतांना शरीर नसते, म्हणून ते एकदाच आणि संपूर्णपणे निवडतात आणि ती निवड मागे घेत नाहीत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या अधिकृत कॅटेकिझममध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या शिकवणीच्या संग्रहग्रंथात, आठव्या शतकातील दमास्कसचे संत योहान यांच्या आधारे दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येतात: पतनानंतर देवदूतांना पश्चात्ताप नाही, तसा मृत्यूनंतर माणसांना नाही. शरीरापासून विलग झालेला आत्मा ज्यावर प्रेम करत होता त्यावरच प्रेम करत राहतो. ते प्रेम देवावरचे असेल तर उरलेला मळ शुद्धिस्थानात धुतला जातो. ते स्वतःपुरतेच वळलेले असेल तर तेही तसेच राहते, आणि त्यालाच नरक म्हणतात.

ही मांडणी मला सुसंगत आणि प्रामाणिक वाटते. ज्यांना ती पटत नाही त्यांनी आपले आक्षेप मांडावेत.

विवेकमार्गी

मांडणी काळजीपूर्वक केलेली आहे, म्हणून उत्तरही तितक्याच काळजीने देतो. मला त्यात तीन अडचणी दिसतात आणि त्यांतली तिसरी सर्वांत गंभीर वाटते.

पहिली अडचण ज्ञानाची. मृत्यूनंतर आत्म्याला आपण आयुष्यात काय केले ते स्वच्छ दिसते, असे हीच परंपरा सांगते. मग ज्याला आपली चूक स्वच्छ दिसते आहे त्याने पश्चात्ताप न करणे कसे शक्य आहे? माणसे बहुतेक वेळा चुकतात ती नीट न कळल्यामुळे. अज्ञान दूर झाल्यावर चुकीलाच चिकटून राहणारी इच्छा मला स्वतंत्र वाटत नाही, जखडलेली वाटते. आणि जखडलेल्या इच्छेला कोणी जबाबदार धरत नाही.

दुसरी अडचण पुनरुत्थानाची. मन बदलण्यासाठी शरीर लागते, असे आपण म्हणता. पण शेवटच्या दिवशी सर्वांना, दुर्जनांनासुद्धा, शरीर परत मिळते, हीही कॅथलिक शिकवणच आहे. तर मग शरीर परत मिळाल्यावर मन बदलण्याची शक्यताही परत यायला हवी. ती येत नाही असे म्हणायचे असेल, तर कारण शरीर नसून दुसरे काहीतरी आहे, आणि ते दुसरे काही म्हणजे आपण नाकारलेली मुदतच.

तिसरी अडचण अशी. इच्छा शरीरावर इतकी अवलंबून आहे, हे आपण स्वतःच मान्य करता. १८४८ साली अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये फिनिअस गेज या रेल्वे कामगाराच्या डोक्यातून सुरुंगाच्या स्फोटाने लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव पालटला, आणि हा तो माणूसच नव्हे, असे त्याला ओळखणारे म्हणू लागले. मेंदूतल्या गाठीमुळे किंवा स्मृतिभ्रंशामुळे माणसे बदलतात, हे आपल्या घराघरांत दिसते. अशा माणसाच्या कोणत्या इच्छेवर न्याय होणार? अपघाताआधीच्या की नंतरच्या? ज्या इच्छेला पहारीचा एक तुकडा वळण लावू शकतो, तिच्यावर अनंतकाळ तोलून धरणे मला न्याय्य वाटत नाही.

अनुयोगी (धागाकर्ता)

तिसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यावर ख्रिस्तसभेची भूमिका सर्वांत स्पष्ट आहे. माणसाला देवापासून तोडणाऱ्या पापासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: कृत्य गंभीर असणे, ते गंभीर आहे याचे पूर्ण ज्ञान असणे, आणि विचारपूर्वक दिलेली संमती. अज्ञान, भय, बळजबरी, जडलेली सवय आणि मनाची विकृती यांमुळे जबाबदारी कमी होते, क्वचित पूर्णपणे नाहीशी होते, असे कॅटेकिझम सांगतो. पहारीने बदललेला स्वभाव हा माणसाने निवडलेला नसतो, म्हणून त्याचा हिशेब त्याच्या नावावर लागत नाही. शरीर-आत्म्याची एकता मानणाऱ्या परंपरेला मेंदूच्या इजेने धक्का बसत नाही. शरीराशी काही देणेघेणे नसलेला आत्मा मानणाऱ्यांना तो बसेल.

पहिल्या अडचणीत एक गृहीतक दडलेले आहे की सर्व पाप अज्ञानातून येते. हे सॉक्रेटिसचे मत आहे. ख्रिस्ती परंपरेने ते कधी पूर्णपणे स्वीकारले नाही. आपले चुकले हे पुरते ठाऊक असूनही क्षमा न मागणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. वर्षानुवर्षे सख्ख्या भावाशी अबोला धरणाऱ्याला कारण क्षुल्लक आहे हे कळत नाही, असे नाही. त्याला ते कळते आणि कळल्यामुळेच तो अधिक ताठरतो. अक्वायनस यांच्या परंपरेत एक सूक्ष्म भेद केलेला आहे: नरकातल्या आत्म्यांना शिक्षेचे दुःख असते, पापाचे नसते. भोगावे लागते आहे याची खंत आणि आपण दुखावले याची खंत या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

दुसऱ्या अडचणीला अक्वायनस यांनी उत्तर दिले आहे. या जन्मात आत्म्याच्या हालचाली शरीराच्या स्थितीमागे जातात, पण पुनरुत्थानानंतर शरीर आत्म्याच्या स्थितीमागे जाईल, असे ते म्हणतात. म्हणजे परत मिळालेले शरीर हे झोप, भूक, थकवा आणि वार्धक्य यांनी इच्छेला हलवणारे पूर्वीचे शरीर नसेल. हे उत्तर मला पुरेसे वाटते.

कादोडी

मी वसईची. रविवारच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर, मुलांना धर्मशिक्षण देते. त्यामुळे हे प्रश्न माझ्यासमोर ग्रंथांतून कमी आणि माणसांकडून जास्त येतात. अनुयोगी यांची मांडणी मला अमान्य नाही, पण ती ज्या थंडपणे केली आहे त्याने मी अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते.

आमच्याकडे एक आई येते. तिच्या मुलाने आत्महत्या केली. ‘त्याचा शेवटचा निर्णय तोच होता ना?’ असे तिने मला विचारले. मृत्यूच्या क्षणी इच्छा कायमची ठरते हे वाक्य तिच्या कानांवर कसे पडत असेल, याचा विचार करावा. जुन्या काळी तिला फार कठोर उत्तर मिळाले असते. १९१७ च्या धर्मविधिसंहितेनुसार, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याने मरण्यापूर्वी पश्चात्तापाचे चिन्ह दाखवले नसेल, तर त्याला ख्रिस्ती दफन नाकारले जात असे. १९८३ च्या संहितेत ही तरतूद नाही. ती नुसती दयेपोटी काढली, असे नाही. आत्महत्या करणारा माणूस किती स्वतंत्र असतो, याविषयीची समज मधल्या काळात बदलली. तीव्र मानसिक व्याधी, यातना आणि भय यांनी जबाबदारी उणावते, आणि केवळ देवालाच ठाऊक असलेल्या मार्गांनी तो अशा माणसाला पश्चात्तापाची संधी देऊ शकतो, म्हणून त्यांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, असे आता कॅटेकिझम सांगतो. फ्रान्समधल्या आर्स गावचे धर्मगुरू संत योहान मारी व्हियानी यांची एक हकिकत सांगितली जाते. पुलावरून उडी घेतलेल्या माणसाच्या विधवेला ते म्हणाले होते की, कठडा आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापापुरता वेळ होता. ही हकिकत मी त्या आईला सांगितली.

म्हणून मला असे म्हणायचे आहे की, मृत्यूच्या क्षणाविषयी आपण बाहेरून काहीही जाणत नाही. हंगेरियन वंशाचे धर्मशास्त्रज्ञ लाडिस्लाउस बोरोस यांनी १९६२ साली असा विचार मांडला की, मृत्यूच्या क्षणीच माणूस आयुष्यातला पहिला पूर्ण स्वतंत्र निर्णय घेतो, कारण तेव्हा सवयींचे आणि भयाचे ओझे गळून पडते. ही ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण नाही, हे मला माहीत आहे. स्विस धर्मशास्त्रज्ञ हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनीही, सर्वांचे तारण होईल असा दावा न करता, सर्वांसाठी तशी आशा बाळगणे हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे, असे म्हटले. नरक शक्य आहे, पण तिथे अमुक एक माणूस आहे असे ख्रिस्तसभेने आजवर कोणाविषयीही जाहीर केलेले नाही. संतपद मात्र हजारोंना दिले. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

रोमनिष्ठ

कादोडी यांच्या करुणेचा मी आदर करतो. त्या आईला त्यांनी जे सांगितले तेच मीही सांगितले असते. पण करुणेतून सिद्धांत बनवू नये. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात मेंढरे आणि शेरडे यांची, म्हणजे तारलेल्यांची आणि दंड झालेल्यांची, विभागणी होते, आणि ती सांगणारा येशू आहे, एखादा मध्ययुगीन उपदेशक नव्हे. सहाव्या शतकात, ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती विचारवंताच्या नावाने चालणारे मत, म्हणजे अखेरीस सर्व आत्मे आणि सैतानसुद्धा देवाकडे परततील हे मत, त्याज्य ठरवले गेले. सर्वांच्या तारणाची आशा हळूहळू सर्वांच्या तारणाची खात्री बनते, आणि मग पापनिवेदनाच्या रांगा रिकाम्या होतात. हे मी पाहिलेले आहे.

बोरोस यांच्या विचारात मला आणखी एक दोष दिसतो. खरा निर्णय मृत्यूच्या क्षणीच होत असेल, तर त्याआधीची सारी वर्षे कशासाठी? रोज भुकेल्याला दिलेली भाकरी, टाळलेले खोटे बोलणे, सोसलेला अपमान, हे सर्व केवळ पूर्वतयारी ठरते आणि शेवटचा एक गूढ क्षण सगळे ठरवतो. उलट आपण रोज थोडे थोडे करून जे झालो ते मृत्यू बंद करतो, असे परंपरा मानते.

चंद्रभागातीर

मी वारकरी घरातला आहे. हा वाद माझ्या परंपरेच्या अंगणाजवळचाच आहे, म्हणून बोलतो. गीतेच्या आठव्या अध्यायात भगवान सांगतात की, अंतकाळी ज्या भावाचे स्मरण करत माणूस देह ठेवतो तोच भाव त्याला प्राप्त होतो, कारण तो सदैव त्या भावाने भारलेला असतो. इथे शेवटचा क्षण आणि सर्व आयुष्याचा सराव या दोन्ही गोष्टी एकाच श्लोकात आहेत. त्यामुळे रोमनिष्ठ आणि कादोडी यांच्यातले अंतर मला त्यांना वाटते तेवढे मोठे वाटत नाही. भागवतात तर अजामिळाची कथा आहे. आयुष्यभर भलत्या मार्गाने गेलेल्या त्या माणसाने मरताना आपल्या मुलाला नारायण म्हणून हाक मारली आणि विष्णुदूत यमदूतांना अडवायला धावले.

पण पुढच्या एका मुद्द्यावर मला कॅथलिक शिकवण अन्यायाची वाटते. जन्म एकच. कोणाला नव्वद वर्षे मिळतात, कोणाला नऊ दिवस. कोणी चांगल्या घरात जन्मतो, कोणी जिथे क्रौर्यच शिकवले जाते तिथे. कर्म आणि पुनर्जन्म मानले तर या विषमतेला निदान अर्थ लागतो आणि आत्म्याला पुन्हा पुन्हा संधी मिळते. एकाच, इतक्या असमान आयुष्यावर अनंतकाळाचा निवाडा करणाऱ्या देवाला न्यायी कसे म्हणावे?

अनुयोगी (धागाकर्ता)

चंद्रभागातीर यांनी दिलेला आधार नेमका आहे. पुनर्जन्माविषयी कॅथलिक उत्तर त्याच मूळ विचारातून येते. माणूस म्हणजे हे शरीर आणि हा आत्मा मिळून असेल, तर दुसऱ्या शरीरात गेलेला तो ‘मी’ कसा? पुढच्या जन्मी सुधारणारा कोणी दुसराच असेल. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले, माणसाला एकदाच मरणे नेमून ठेवले आहे, हे वचन याच अर्थाने घेतले जाते.

असमानतेचे उत्तर मात्र निराळे आहे: प्रत्येकाकडून त्याला जे मिळाले त्याच्याच प्रमाणात मागितले जाते. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे सद्सद्विवेकाचा आवाज ऐकून प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात, तेही तारणाला पात्र होऊ शकतात. स्नानसंस्काराविना मेलेल्या अर्भकांसाठी मध्ययुगीन विद्वानांनी लिंबो नावाची एक मधली अवस्था कल्पिली होती. २००७ साली व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने स्पष्ट केले की, या बालकांच्या तारणाची आशा बाळगायला गंभीर कारणे आहेत. नऊ दिवसांच्या बाळाने कशाचाही नकार दिलेला नसतो, आणि नकाराशिवाय नरक नाही.

विवेकमार्गी

नकाराशिवाय नरक नाही, हे वाक्य मी धरून ठेवतो, कारण माझा मुख्य प्रश्न त्यावरच आहे. नकार देणारा स्वतंत्र असतो का? ऑगस्टिनच्या काळातला ख्रिस्ती उपदेशक पेलाजियस म्हणत होता की, माणूस स्वतःच्या बळावर चांगले निवडू शकतो, आणि ते मत ख्रिस्तसभेने फेटाळले. ५२९ साली फ्रान्समधल्या ऑरेंज येथील धर्मपरिषदेने तर श्रद्धेची पहिली ओढसुद्धा कृपेनेच निर्माण होते, असे ठरवले. म्हणजे देवाकडे वळायची इच्छा होण्यासाठीही देवाची कृपा आधी यावी लागते. मग जो वळला नाही, त्याच्याकडे कृपा आली नाही किंवा पुरेशी आली नाही, असेच म्हणावे लागते. याला उत्तर म्हणून कृपा सर्वांकडे येते, पण काही जण ती नाकारतात, असे म्हटले, तर स्वीकारणाऱ्यात नाकारणाऱ्याहून काहीतरी अधिक चांगले होते, आणि ते त्याचे स्वतःचे होते, असे मानावे लागते. म्हणजे पेलाजियस मागच्या दाराने परत आला. या दोहोंमधला तिसरा रस्ता मला दिसत नाही. शेवटी ज्याला नरक मिळतो त्याला तो कृपेच्या वाटपामुळे मिळतो, स्वातंत्र्यामुळे नव्हे.

रोमनिष्ठ

हा प्रश्न कॅथलिक विद्वानांनी आपापसांत इतक्या तीव्रतेने लढला आहे की तो बाहेरून आणावा लागत नाही. १५८८ साली जेझुइट संघातले स्पॅनिश विद्वान लुईस दे मोलिना यांनी असा विचार मांडला की, अमुक परिस्थितीत, अमुक कृपा मिळाल्यावर हा माणूस स्वतंत्रपणे काय करील, हे देव आधीच जाणतो आणि त्या ज्ञानानुसार सृष्टीची रचना करतो. सालामांकाचे, डॉमिनिकन संघातले दोमिंगो बान्येस यांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते कृपा ज्या कृत्यासाठी दिलेली असते ते कृत्य ती खात्रीने घडवते, पण स्वतंत्रपणे घडवते, कारण देव प्रत्येक वस्तूला तिच्या स्वभावाप्रमाणे चालवतो आणि इच्छेचा स्वभावच स्वतंत्र असणे हा आहे. एक पक्ष दुसऱ्याला पेलाजियसचा वारस म्हणे, दुसरा पहिल्याला कॅल्विनचा, म्हणजे माणसाचे तारण वा नाश देवाने आधीच ठरवला आहे असे मानणाऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाचा. रोममध्ये पोपसमोर वर्षानुवर्षे सुनावण्या चालल्या. १६०७ साली पोप पाचवे पॉल यांनी वाद मिटवला तो असा: कोणाचेही मत अंतिम ठरवले नाही, आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला दोघांनाही मनाई केली. आज चारशेहून अधिक वर्षांनीही तीच स्थिती आहे.

माझ्या दृष्टीने ख्रिस्तसभेचे हे शहाणपण आहे. तिने दोन टोके पक्की धरली. १५४७ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने जाहीर केले की आदामाच्या पापाने इच्छास्वातंत्र्य नष्ट झाले नाही, आणि कृपेने हलवलेली इच्छा कृपेला नकारही देऊ शकते. दुसरीकडे, देव कोणालाही आधीच नरकासाठी नेमत नाही, हे ऑरेंज परिषदेपासून ठामपणे सांगितले गेले आहे. ही दोन टोके नेमकी कशी जुळतात, हे मात्र तिने विद्वानांवर सोडले.

विवेकमार्गी

दोन्ही टोके धरली, पण मधली दोरी दिसत नाही, हे आपण मान्य केलेत असे मी समजतो. ज्या प्रश्नावर माणसाचे अनंतकाळाचे भवितव्य ठरते तो चारशे वर्षे मोकळा ठेवणे याला मी शहाणपण म्हणणार नाही. मूळ विधानातच विरोध आहे, त्याचे हे लक्षण आहे.

कादोडी

मला ट्राजानची आठवण झाली. मूळ प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे आणि तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही, म्हणून सांगते. रोमन सम्राट ट्राजान ख्रिस्ती नव्हता, पण न्यायप्रिय होता. मध्ययुगात अशी कथा प्रचलित होती की, पोप पहिले ग्रेगरी यांनी, ट्राजानच्या मृत्यूनंतर सुमारे पाचशे वर्षांनी, त्याच्यासाठी अश्रू ढाळून प्रार्थना केली आणि तो नरकातून सुटला. इटालियन कवी दान्तेने तर त्याला आपल्या काव्यातल्या स्वर्गात स्थान दिले. नरक कायमचा असेल, तर हे कसे घडले? अक्वायनस यांनी ही कथा उडवून लावली नाही. त्यांचे उत्तर असे होते की, त्या प्रार्थनेमुळे ट्राजान पुन्हा जिवंत झाला, देहात परतला, आणि तेव्हा तो देवाकडे वळला. म्हणजे नियम मोडू नये म्हणून त्यांनी मेलेल्याला उठवले! अनुयोगी म्हणतात तेच यातून सिद्ध होते, वळण्यासाठी देह लागतो. पण माझे म्हणणेही सिद्ध होते: नियम पाळूनसुद्धा वाट काढणारा देव ही परंपरा मानत होती.

यावरून मृतांसाठीच्या प्रार्थनेचा प्रश्न येतो. २ नोव्हेंबरला आमच्याकडे दफनभूमीत कबरी साफ करून फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात, मिस्सा होते. विवेकमार्गी विचारतील की निर्णय मृत्यूच्या क्षणीच झाला असेल तर ही प्रार्थना कशासाठी. शुद्धिस्थानातल्यांसाठी, हे पहिले उत्तर. १५६३ साली ट्रेंट परिषदेने तेवढेच शिकवले, आणि लोकांसमोर त्याविषयी सूक्ष्म तर्क किंवा भाकडकथा मांडू नयेत, अशी ताकीद बिशपांना दिली. २००७ सालच्या परिपत्रकात पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी शुद्ध करणारा अग्नी म्हणजे ख्रिस्ताची भेटच असावी, असा विचार मांडला, आणि त्या भेटीचा काळ आपल्या घड्याळाने मोजता येत नाही, असे सांगितले.

दुसरे उत्तर मी मुलांना सांगते. देवाला भूत, वर्तमान आणि भविष्य सारखेच समोर असतात. मग मी आज केलेली प्रार्थना तीस वर्षांपूर्वी कोणी मरत असताना त्या क्षणी देवाला ठाऊक नव्हती, असे कसे म्हणता येईल? १८८७ साली, चौदा वर्षांच्या तेरेझा मार्टिनने, म्हणजे पुढे लिझ्यूची संत तेरेझा म्हणून ओळखल्या गेलेल्या मुलीने, तिघींच्या खुनासाठी देहदंड झालेल्या प्रांझिनी नावाच्या गुन्हेगारासाठी प्रार्थना केली. त्याने पापनिवेदन करायला नकार दिला होता. गिलोटिनखाली मान ठेवण्यापूर्वी त्याने अचानक धर्मगुरूच्या हातातला क्रूस मागून घेतला आणि तीन वेळा त्याचे चुंबन घेतले. तिची प्रार्थना आधी झाली आणि त्याचे वळणे नंतर. पण ती नंतर झाली असती तर देवाच्या दृष्टीने काय फरक पडला असता?

अनुयोगी (धागाकर्ता)

कादोडी यांच्या या शेवटच्या मुद्द्यात आणि माझ्या मांडणीत विरोध नाही. मृत्यूनंतर इच्छा बदलत नाही, हे मी म्हटले. मृत्यूच्या क्षणी ती कशी होती हे बाहेरून कळते, असे मी म्हटले नाही, आणि त्या क्षणापर्यंत देव काय काय करतो यावर मी मर्यादा घातली नाही. आज केलेली प्रार्थना मृताची ठरलेली इच्छा बदलत नाही. ती ठरत असताना मिळालेल्या कृपेत तिचा वाटा असू शकतो.

विवेकमार्गी यांच्या दोरीविषयी एवढेच म्हणतो. कृपा स्वीकारणाऱ्यात काही अधिक असते, ही त्यांची पायरी मला मान्य नाही. नकार देण्यासाठी माणसाला स्वतःचे काहीतरी घालावे लागते. स्वीकारण्यासाठी फक्त नकार न देणे पुरते. दोन्ही बाजूंना सारखेच वजन आहे असे धरले तरच त्यांचा पेच उभा राहतो. मोलिना आणि बान्येस दोघांनीही तसे धरलेले नव्हते.

विवेकमार्गी

नकार न देणे हीसुद्धा एक निवड आहे. ती एकाने केली आणि दुसऱ्याने केली नाही, याचे कारण तरीही सांगावेच लागेल. कारण कृपेत असेल तर जबाबदारी देवाची आहे, आणि माणसात असेल तर श्रेय माणसाचे आहे. ट्राजानच्या कथेतही मी हेच विचारीन की, ग्रेगरीने त्याच्यासाठी प्रार्थना केली, पण त्याच्या सैन्यातल्या एखाद्या अनाम शिपायासाठी कोणीच केली नाही, तर त्या शिपायाला देह परत का मिळाला नाही?

कादोडी

त्या शिपायाचा समावेश मिस्सात होतो. मिस्साच्या एका प्रार्थनेत दिवंगत श्रद्धावंतांबरोबर, ज्यांची श्रद्धा फक्त देवालाच ठाऊक आहे, अशा सर्व मृतांचीही आठवण केली जाते. नाव माहीत असलेल्यांपुरती ती प्रार्थना नाही.